सनदेत 'कायम' लिहिलेलं असूनही विश्वस्तांनी चर्चला वगळलं : सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा खटला (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

दस्तऐवज

टेक्सासमधल्या डॅलस शहरातलं सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ (यापुढे एसएमयू) मेथडिस्ट चर्चने १९११ मध्ये स्थापन केलं. वर्ग १९१५ ला सुरू झाले. १९९६ च्या सनदेत, म्हणजे संस्थेच्या नोंदणी-दस्तात, स्पष्ट लिहिलं होतं की हे विद्यापीठ युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या साउथ सेंट्रल ज्युरिस्डिक्शनल कॉन्फरन्सच्या (चर्चची प्रादेशिक सभा, यापुढे परिषद) मालकीचं, तिने चालवलेलं आणि तिच्या नियंत्रणाखाली कायम राहील. विश्वस्त निवडायचे ते परिषदेने. सनदेत दुरुस्ती करायची तर परिषदेची पूर्वमंजुरी हवी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये विश्वस्त मंडळाने परिषदेला न विचारता सनद बदलली. नियंत्रणाचा आणि मंजुरीचा भाग काढला आणि नवी सनद राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (संस्थांचे दस्त नोंदवणारा अधिकारी) दाखल केली. डिसेंबरमध्ये परिषद कोर्टात गेली.

मला चर्चा हवी आहे ती तीन गोष्टींवर. मंजुरीचं कलम मंजुरीशिवाय काढता येतं का? परिषद ही विद्यापीठाची 'सभासद' नाही, मग दाद मागणार कोण? आणि धर्माचा विषय म्हणून कोर्ट यातून अंग काढून घेतं का?

माझं मत आधीच सांगतो. कुणाची मंजुरी लागते हे सांगणारं कलमच त्याला न विचारता पुसता येत असेल, तर ते लिहिण्याला काही अर्थच उरत नाही. त्यामुळे या खटल्यात परिषदेची बाजू मला बळकट वाटते.

उपकलम

चांगला विषय. आधी कोर्टातला क्रम मांडतो, म्हणजे पुढे गोंधळ नको.

डॅलस काउंटीच्या जिल्हा न्यायालयाने परिषदेचे दावे फेटाळले. बहुतेक दावे सुरुवातीलाच गेले, उरलेला पुढे साक्षीपुराव्याच्या सुनावणीशिवाय निकालात निघाला. डॅलसच्याच पाचव्या अपील न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये त्यातले महत्त्वाचे दावे पुन्हा जिवंत केले. विद्यापीठ टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे जानेवारी २०२५ मध्ये युक्तिवाद झाला आणि २७ जून २०२५ ला निकाल आला.

निकालाचे तीन भाग. एक, राज्याच्या बिझनेस ऑर्गनायझेशन्स कोडमधल्या ना-नफा संस्थांच्या तरतुदींनुसार परिषद आपले सनदेतले हक्क बजावण्यासाठी दावा करू शकते. दोन, सनद हा करार धरला तर परिषद त्या कराराची त्रयस्थ लाभार्थी आहे (करार करणाऱ्यांत नाही, पण करार तिच्या फायद्यासाठी आहे), म्हणून करारभंगाचा दावाही चालेल. तीन, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे खोटा दस्त दाखल केल्याचा दावा मात्र चालणार नाही. तिथे विद्यापीठ जिंकलं.

दुरुस्ती वैध की अवैध, हे या निकालाने ठरवलेलं नाही. बातम्यांचे मथळे वाचून 'चर्च जिंकलं' असा समज होतो. प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेलं आहे. चर्चला दार उघडून मिळालं, एवढंच.

जाईजुई

'सभासद नाही' म्हणजे नेमकं काय? परिषद विश्वस्त निवडते, तरी सभासद नाही?

उपकलम

जाईजुई, इथेच सगळी मेख आहे.

टेक्सासमध्ये ना-नफा संस्थेला सभासद असू शकतात किंवा नसूही शकतात. सभासद असतील तर सनद बदलताना त्यांचं मतदान लागतं. नसतील तर नियामक मंडळ एकटं बदल करू शकतं. एसएमयूचा युक्तिवाद असा होता : आमच्या संस्थेला सभासद नाहीत, परिषद बाहेरची आहे, आणि मंडळाने अधिकाराबाहेर जाऊन काही केलं तर दावा कोणी करायचा याची कायद्यात यादी आहे. त्या यादीत परिषद बसत नाही.

पण त्याच संहितेत कलम २२.२०७ आहे. धार्मिक, धर्मादाय किंवा शैक्षणिक संस्थेचं मंडळ एखाद्या चर्च-परिषदेशी संलग्न असू शकतं, तिच्याकडून निवडलं जाऊ शकतं आणि तिच्या नियंत्रणाखाली असू शकतं, असं ते म्हणतं. परिषद नोंदणीकृत असली काय, नसली काय, फरक पडत नाही. कायद्यानेच असं नियंत्रण मान्य केलंय, तर ते मोडलं गेल्यावर नियंत्रकाला कोर्टाचं दार बंद ठेवायचं, हे जुळत नाही. परिषदेच्या बाजूने निकाल वळला तो याच कलमाभोवती.

टिळकरोड

दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

२०१९ मध्ये नेमकं काय घडलं होतं ते बघा. फेब्रुवारीत सेंट लुइसला युनायटेड मेथडिस्ट चर्चची विशेष सर्वसाधारण परिषद (साऱ्या चर्चची सर्वोच्च सभा, खटल्यातली परिषद नव्हे) भरली. तिथे समलिंगी विवाह आणि समलिंगी पाद्र्यांवरची बंदी कडक करणारी 'पारंपरिक योजना' ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी मंजूर झाली. चर्च फुटणार हे तेव्हाच दिसत होतं. एसएमयूत सगळ्या पंथांचे आणि कुठलाच पंथ नसलेले विद्यार्थी, प्राध्यापक आहेत. चर्च फुटलं तर विद्यापीठ कोणत्या तुकड्याच्या हाती जाणार? विश्वस्तांनी ही अनिश्चितता संपवायचा प्रयत्न केला, आणि मला त्यात बेइमानी दिसत नाही.

शिवाय मान्यता देणाऱ्या संस्थेचा नियम आहे. दक्षिणेतल्या महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या निकषांत नियामक मंडळाने संस्थेला बाहेरच्या व्यक्ती किंवा संस्थांच्या अवाजवी प्रभावापासून वाचवलं पाहिजे, असा स्वतंत्र निकष आहे. मान्यता गेली तर केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत जाते, आणि मदत गेली की विद्यापीठ चालत नाही.

दस्तऐवज

टिळकरोड, कारण समजण्यासारखं आहे, हे मान्य. पण 'बाहेरची' हा शब्द तपासून बघा. ज्या परिषदेला सनदेनेच नियंत्रक म्हटलंय ती बाहेरची कशी? निकष 'अवाजवी' प्रभावाबद्दल बोलतो. विश्वस्तांची निवड करणं हे सनदेने दिलेलं काम आहे. एखाद्या प्राध्यापकाला काढा असा दट्ट्या लावणं हा अवाजवी प्रभाव. दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

आडवाटेवरचा

एसएमयूच्या सनदेत 'कायम' हा शब्द इतक्या आग्रहाने का आला, हे कळायला नॅशव्हिलला जावं लागेल. मुळात एसएमयू जन्मलं तेच तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या भांडणाच्या काळात.

१८७३ मध्ये दक्षिणेतल्या मेथडिस्ट चर्चला 'सेंट्रल युनिव्हर्सिटी' काढायची होती, पैसा नव्हता. बिशप मॅकटायर यांनी जहाजं आणि रेल्वेवाले कमोडोर कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांच्याकडून ५ लाख डॉलर मिळवले. पुढे ती रक्कम १० लाखांच्या जवळ गेली. विद्यापीठाचं नाव बदललं. मॅकटायर हयात असेपर्यंत मंडळाचे अध्यक्ष राहतील आणि त्यांना नकाराधिकार असेल, अशी दात्याची अट होती. लक्षात घ्या, नकाराधिकार त्या एका माणसाला होता. बिशपांच्या गटाला नव्हता.

१९०५ मध्ये कुलगुरू कर्कलंड यांच्या काळात मंडळाने नियम बदलून मंडळातलं बिशपांचं प्रतिनिधित्व कमी केलं. चर्चने चौकशी आयोग नेमला. आयोग म्हणाला, विद्यापीठाचं संस्थापक चर्च आहे आणि बिशपांना देखरेखीचा हक्क आहे. १९१० मध्ये ॲशव्हिलच्या परिषदेने तीन विश्वस्त निवडून पाठवले. मंडळाने त्यांना बसूच दिलं नाही. झालं, खटला उभा राहिला. तो चालू असतानाच १९१३ मध्ये पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींनी वैद्यकीय शाळेसाठी १० लाख डॉलर देऊ केले, तो हक्क आपल्यालाही आहे असं धरून बिशपांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि भडका आणखी उडाला.

२१ मार्च १९१४ ला टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. इंग्लिश कायद्याच्या जुन्या परंपरेत धर्मादाय संस्थेवर देखरेखीचा हक्क संस्थापकाचा, आणि संस्थापक तो, ज्याने पहिली भरीव देणगी दिली. कोर्ट म्हणालं, संस्थापक कमोडोर, चर्च नव्हे. बिशपांचा नकाराधिकाराचा दावा गेला.

चर्चने विद्यापीठाशी संबंध तोडले आणि दोन विद्यापीठांवर भर दिला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एमरी, पश्चिमेला एसएमयू. एमरीला कोका-कोलाचे असा कँडलर यांनी १० लाख डॉलर दिले. त्यांचे भाऊ वॉरन कँडलर बिशप होते, आणि व्हँडरबिल्टच्या लढाईत चर्चच्या बाजूने आघाडीवर होते.

तेव्हा एसएमयूच्या दस्तांत 'मालकी', 'नियंत्रण', 'कायम' असे शब्द का ठोकून बसवले, ते आता उघड आहे. व्हँडरबिल्टमध्ये ज्या फटीतून नियंत्रण निसटलं, ती फट बुजवायची होती.

नदीकाठ

आडवाटेवरचा, उत्तम माहिती. त्यात एक जोडतो.

कार्नेगींचा पैसा तेव्हा सगळीकडेच हा प्रश्न उभा करत होता. १९०५-०६ मध्ये त्यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलरचं प्रतिष्ठान काढलं. अट अशी, की पंथाच्या नियंत्रणाखालच्या संस्थांना त्यातून काही मिळणार नाही. त्या एका अटीपायी अनेक महाविद्यालयांनी सनदा बदलल्या. चर्चशी भांडण न होता, निव्वळ निवृत्तिवेतनाच्या हिशेबाने. नियंत्रण गेलेल्या संस्थांचा इतिहास लिहिताना लोक विचारसरणीबद्दलच लिहितात. लेखापालाची वही कुणी उघडत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

चिंचपोकळी

बाप्टिस्टांकडे या. मेथडिस्टांपेक्षा तिथले खटले जास्त बोधप्रद आहेत, कारण एकाच प्रकारच्या भांडणात निकाल वेगवेगळे लागले.

बेलर (टेक्सास) : २१ सप्टेंबर १९९० ला विश्वस्तांनी सनद बदलून मंडळ स्वतःच स्वतःला निवडेल असं केलं. राज्याच्या बाप्टिस्ट परिषदेला २५ टक्के जागा ठेवल्या. खटला शेवटपर्यंत गेला नाही, १९९१ मध्ये समझोता झाला.

बेलमाँट (नॅशव्हिल) : इथे परिषदेकडे १९५१ चा एक दस्त होता. संस्था परिषदेच्या हाताबाहेर गेली तर मालमत्ता परत, असा त्याचा आशय. २००६ मध्ये सुमारे ५.८ कोटी डॉलरचा दावा झाला. २००७ मध्ये १.१ कोटीवर मिटला : १० लाख लगेच, आणि पुढे ४० वर्षं दरवर्षी अडीच लाख. म्हणजे ५५ वर्षं जुना कागद कपाटातून निघाला आणि त्याची किंमत १.१ कोटी झाली.

शॉर्टर (जॉर्जिया) : इथल्या विश्वस्तांनी वेगळी वाट धरली. सनद न बदलता महाविद्यालय विसर्जित करायचं आणि सगळी मालमत्ता एका नव्या प्रतिष्ठानाला द्यायची. प्रतिष्ठान तेच महाविद्यालय पुढे चालवणार. २००५ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, हे विसर्जन नव्हेच. संस्था बंद होत नसेल तर विसर्जनाचं कलम वापरता येणार नाही. नियंत्रण परिषदेकडे परत.

मिसुरी : हा सगळ्यात लांबलेला. २०००-०१ मध्ये राज्याच्या बाप्टिस्ट परिषदेच्या पाच संस्थांनी आपापल्या सनदा बदलल्या. त्यात एक विद्यापीठ, एक वृद्धाश्रम, एक निधी-प्रतिष्ठान, एक वृत्तपत्र आणि विंडरमियर नावाचं शिबिरस्थळ. २००२ ला खटला. विंडरमियर परिषदेच्या हातून गेलं. प्रतिष्ठान परत मिळालं. भांडण एक, परिषद एक, मग निकाल दोन का?

उपकलम

चिंचपोकळी यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सनदांमध्येच आहे. प्रतिष्ठानाच्या सनदेत 'दुरुस्तीला परिषदेची संमती हवी' हे वाक्य होतं. विंडरमियरच्या सनदेत ते नव्हतं. विश्वस्त परिषद निवडते, एवढंच होतं. परिषदेचं म्हणणं होतं की निवडीचा हक्क म्हणजेच सभासदत्व. कोर्टाने ते मानलं नाही.

संस्था कोणी काढली, पैसा कोणाचा, प्रार्थना कोणाची, यांतलं काहीही त्या एका वाक्याची जागा भरून काढत नाही.

टिळकरोड

हे पटतं. माझं मत थोडं हललं आहे. एसएमयूच्या सनदेत ते वाक्य आहे, हे विसरून चालणार नाही.

शांतिनगर

तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. धर्माचा विषय म्हणून कोर्ट मागे सरतं का?

अमेरिकेत दोन धारा आहेत. जुनी, १८७० च्या दशकातली, 'वॉटसन विरुद्ध जोन्स' या खटल्यातून आलेली : चर्चमध्ये श्रेणी असेल तर सर्वोच्च धार्मिक सभेने जे ठरवलं ते कोर्ट मानणार. नवी, १९७९ च्या 'जोन्स विरुद्ध वुल्फ' मधली : कोर्टाने धर्मसिद्धांतात न शिरता खरेदीखत, सनद, राज्याचे कायदे आणि चर्चची घटना हे दस्त इतर कुठल्याही संस्थेच्या दस्तांसारखे वाचावेत. याला 'तटस्थ तत्त्वं' म्हणतात. टेक्सासने २०१३ मध्ये ही दुसरी पद्धत स्पष्टपणे स्वीकारली.

त्यामुळे 'पारंपरिक योजना' योग्य की अयोग्य, यात कोर्टाला पडायचंच नव्हतं. सनदेचं कलम आणि राज्याची संहिता वाचायची, बस. ही पद्धत चर्चला सोयीची की गैरसोयीची हे आधी सांगता येत नाही. दस्त चांगला लिहिला असेल तर सोयीची.

जाईजुई

म्हणजे चर्चने नियंत्रण जितकं घट्ट लिहून ठेवलं तितकं त्याच्या फायद्याचं, असंच ना?

नदीकाठ

तसं नाही, आणि ही बाजू फार महत्त्वाची आहे.

कॅलिफोर्नियात मेथडिस्ट चर्चशी जोडलेली पॅसिफिक होम्स नावाची वृद्धाश्रमांची साखळी होती. ती दिवाळखोरीत गेली. आयुष्यभराच्या देखभालीसाठी आगाऊ पैसे भरलेल्या रहिवाशांनी थेट युनायटेड मेथडिस्ट चर्चवर दावा लावला. चर्चचा बचाव होता की आम्ही एक विश्वासाचं जाळं आहोत, दावा लावता येईल अशी संस्था नव्हे. १९७९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने तो बचाव फेटाळला.

त्यानंतर देशभरच्या चर्चच्या वकिलांना एकच काळजी लागली : नियंत्रण असेल तर जबाबदारीही गळ्यात येते. विद्यापीठाचं कर्ज, विद्यापीठाच्या रुग्णालयातला अपघात, वसतिगृहातली आग. म्हणून अनेक चर्चनी स्वतःच कागदोपत्री 'नियंत्रण' हा शब्द काढून 'संबंधित' किंवा 'संलग्न' असा सौम्य शब्द घातला. पंचवीस-तीस वर्षांनी विश्वस्त स्वतंत्र झाले तेव्हा तोच सौम्य शब्द चर्चच्या विरोधात वाचला गेला.

एकाच कपाटात दोन प्रकारचे कागद ठेवता येत नाहीत. नुकसानभरपाईच्या दाव्यात 'आमचा काही संबंध नाही' म्हणायचं आणि सनदेच्या दाव्यात 'आम्हीच मालक', असं केलं तर समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो.

मुक्काम_नाशिक

'संलग्न' शब्दावरून थोडं अवांतर. आपल्याकडे संलग्न म्हणजे महाविद्यालय विद्यापीठाला संलग्न. इथे विद्यापीठच चर्चला संलग्न आहे. सुरुवातीला वाचताना माझा गोंधळ झाला, इतरांचा होऊ नये म्हणून लिहिलं.

आपल्याकडचे खटलेही म्हणूनच वेगळे आहेत. १९७४ चा अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजचा नऊ न्यायाधीशांपुढचा खटला बघा. गुजरात विद्यापीठ कायद्याचं कलम ३३-अ म्हणत होतं की महाविद्यालयाच्या नियामक मंडळात कुलगुरूंचा प्रतिनिधी हवा. सर्वोच्च न्यायालयाने ते अल्पसंख्याक संस्थांना लागू होणार नाही असं ठरवलं, राज्यघटनेच्या कलम ३० च्या आधारे. तिथे चर्च आणि महाविद्यालय एका बाजूला, सरकार दुसऱ्या बाजूला. एसएमयूत चर्च आणि विद्यापीठ समोरासमोर.

कोरा_कागद

नाशिककर, चर्च विरुद्ध तिचीच संस्था असं भांडण आपल्याकडे नाही असं नाही. फक्त ते सनदेऐवजी न्यासाच्या नोंदवहीत घडतं.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. त्यात गुजरातमधल्या ब्रदरेन पंथाच्या 'फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च' ने विलीनीकरणाचा ठराव केला. पुढे काही जण म्हणाले, आम्ही वेगळेच, मालमत्ता आमची. हे भांडण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००५ मध्ये ठरलं की मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेतला विषय दिवाणी न्यायालयात नेता येणार नाही, कलम ८० आड येतं. आणि २०१३ मध्ये ठरलं की निव्वळ विलीनीकरणाच्या ठरावाने न्यासाची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर विसर्जन हवं, त्याला किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती हवी, आणि न्यास कायद्याखालची प्रक्रियाही पुरी व्हायला हवी.

कितीही ठराव करा, चर्चमध्ये सगळ्यांनी हात वर करू द्या, नोंदवही बदलली नाही तर काही बदललं नाही.

दस्तऐवज

कोरा_कागद, मग समजा एसएमयूसारखी संस्था आपल्या राज्यात नोंदलेला न्यास असती, तर विश्वस्तांनी असं काही केल्यावर परिषदेने काय केलं असतं? पायऱ्या सांगाल का?

कोरा_कागद

सांगतो. थोडक्यात, पण क्रमाने.

विश्वस्त बदलले, पद्धत बदलली, की त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. पहिली लढाई तिथेच. हितसंबंधी व्यक्ती त्या अहवालाला हरकत घेते, उपायुक्त किंवा सहायक आयुक्त चौकशी करतात, आणि मूळ योजनेत (न्यास कसा चालवायचा हे ठरवणारा दस्त) लिहिलेली पद्धत पाळली का हे तपासतात. एसएमयूच्या बाबतीत सेक्रेटरी ऑफ स्टेटने दस्त दाखल करून घेतला, पण परिषदेची मंजुरी होती का याची सुनावणी तिथे झाली नाही. आपल्याकडे नोंदणीच्या टप्प्यावरच ती करता येते. हा फरक फार मोठा.

जमीन विकायची किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी. न्यासाचा कारभारच बिघडला असेल तर कलम ५०-अ खाली योजना ठरवून मागता येते. दिवाणी न्यायालयात दावा लावायचा तर हितसंबंधी दोन किंवा अधिक व्यक्तींनी कलम ५१ खाली आयुक्तांची संमती आधी घ्यायची.

चुका कुठे होतात? बहुतेक वेळा मूळ योजनेची प्रमाणित प्रत कुणाकडेच नसते. परिशिष्ट एकमध्ये (न्यासाच्या नोंदवहीचा उतारा) चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच असतात. मग आजचे विश्वस्त हे कायद्याने विश्वस्त आहेत का इथपासून सुरुवात करावी लागते, आणि मूळ मुद्दा दहा वर्षं मागे पडतो.

आडवाटेवरचा

कॅथलिकांचं एक उदाहरण राहिलं, कारण तिथे चर्चचा स्वतःचा कायदाही मध्ये येतो.

पेरूच्या लिमा शहरातलं पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठ. इतिहासकार होसे दे ला रिवा-अग्वेरो १९४४ मध्ये वारले, मृत्युपत्राने मोठी मालमत्ता विद्यापीठाला ठेवली. ती सांभाळायला दोघांचं मंडळ : एक कुलगुरू, एक आर्चबिशपचा माणूस. पुढे विद्यापीठाने त्या मंडळाचं काम बदलून टाकलं. आर्चबिशप, कार्डिनल सिप्रियानी यांनी हरकत घेतली. २०१० मध्ये पेरूच्या घटनात्मक न्यायाधिकरणाचा निकाल विद्यापीठाच्या विरोधात गेला. तरी विद्यापीठ व्हॅटिकनला हवे तसे नियम करेना. जुलै २०१२ मध्ये व्हॅटिकनने फर्मान काढलं की या विद्यापीठाने 'पाँटिफिकल' आणि 'कॅथलिक' हे शब्द नावात वापरू नयेत. विद्यापीठ वापरतच राहिलं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात समेट झाला.

नाव काढून घेण्याचा अधिकार चर्चकडे, मृत्युपत्राचा अर्थ लावण्याचा अधिकार राज्याच्या कोर्टाकडे. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

चिंचपोकळी

मग आता एखाद्या चर्चला (किंवा मठाला, वक्फला, कुणालाही) विद्यापीठ काढायचं असेल तर सनदेत काय लिहावं? तुम्ही लोकांनी इतके दस्त वाचलेत, ठोस सांगा.

उपकलम

माझ्या मते सगळ्यात आधी संस्थेला 'सभासद असलेली संस्था' करा आणि एकमेव सभासद म्हणून परिषदेचं नाव घाला. रोमन कॅथलिक संघांच्या बऱ्याच महाविद्यालयांत आणि रुग्णालयांत हीच रचना आहे. मंडळ रोजचं काम करतं, पण सनद, पोटनियम, विसर्जन, मोठी विक्री, मोठं कर्ज आणि विश्वस्तांची नेमणूक हे मोजके विषय सभासदाकडे राखीव. एसएमयूने हे केलं असतं तर 'परिषद सभासद नाही' हा युक्तिवाद उभाच राहिला नसता.

दुरुस्तीच्या कलमावरच दुरुस्तीचं कुलूप लावा : 'हे कलमसुद्धा परिषदेच्या लेखी मंजुरीशिवाय बदलता येणार नाही.' शॉर्टरसारखी पळवाट बंद करायला विसर्जन, विलीनीकरण आणि सर्व मालमत्तेचं हस्तांतर हे तिन्ही शब्द वेगवेगळे लिहा. परिषदेला दावा करण्याचा हक्क आहे असं सरळ वाक्य घाला, कोर्टाला अर्थ काढायला लावू नका.

मंजुरी कोण देणार हेही लिहा. साउथ सेंट्रल परिषद आठ राज्यांची आणि चार वर्षांतून एकदा भरते. मधल्या काळात मंजुरी कुणाकडे मागायची हे लिहिलेलं नसेल तर विद्यापीठ खरोखर अडकतं, आणि मग टिळकरोड म्हणतात तसं विश्वस्तांचं कारणही खरं ठरतं.

जमिनीच्या खरेदीखतात परतीची अट हवी की नको, यावर मात्र मी सावध आहे. बेलमाँटला तिचा परिषदेला उपयोग झाला. पण अशी अट असलेल्या जमिनीवर बँका कर्ज देताना हात आखडतात.

शांतिनगर

सहमत. एक जोड : सनद, पोटनियम आणि चर्चची स्वतःची नियमावली, तिन्हींत एकच शब्द वापरा. एकीकडे 'नियंत्रण', दुसरीकडे 'संबंध', तिसरीकडे 'प्रायोजक' असं झालं की तटस्थ तत्त्वांनी वाचणारं कोर्ट त्यातला सगळ्यात कमकुवत शब्द धरू शकतं.

टिळकरोड

एक शेवटची शंका. २०२४ मध्ये शार्लटच्या सर्वसाधारण परिषदेने समलिंगी पाद्र्यांवरची आणि विवाहांवरची बंदी उठवली. ज्या कारणाने विद्यापीठाने २०१९ ला पाऊल उचललं तेच कारण संपलं. मग खटला चालू ठेवण्यात काय हशील?

दस्तऐवज

टिळकरोड, प्रश्न अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच मूळ प्रश्नाकडे परत येतो.

बंदी हे निमित्त होतं. दाव्यात विचारलंय ते वेगळं : पुढचे विश्वस्त कोण निवडणार, आणि पुढची दुरुस्ती कोणाला विचारून होणार. ज्या १३३ एकर जमिनीबद्दल परिषद सांगते की ती आमच्या पूर्वसूरींनी दिली, ती विकायची झाली तर कोणाची सही लागणार, हेही त्यातच आलं. चर्चचं मत बदललं म्हणून सनदेतलं कलम आपोआप परत येत नाही, आणि विश्वस्तांचं कारण चांगलं होतं म्हणून ते आपोआप रद्दही होत नाही.

माझ्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं २७ जून २०२५ ला मिळाली : परिषद दाद मागू शकते, आणि धर्माचा विषय असला तरी कोर्ट दस्त वाचतं. पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे मंजुरीचं कलम मंजुरीशिवाय काढता येतं का याचं उत्तर त्या निकालाने खालच्या न्यायालयावर सोपवलं. कुणाकडे १९९६ च्या आधीच्या दुरुस्त्यांचे दस्त असतील तर इथे सांगा. प्रत्येक वेळी परिषदेची मंजुरी घेतली होती का, आणि ती दस्तात कशी नोंदवली होती, हे ओळीने लावून बघायचं आहे.